वेलीखालचं नाव

कडुबा पेंटरबद्दल सोयगाव तालुक्यात एक गोष्ट कुणीही सांगेल. या माणसाला जागा कधी कमी पडली नाही. दुसरे पेंटर सुरुवातीला ऐसपैस अक्षरं काढायचे आणि शेवटी 'किराणा स्टोअर्स'मधलं 'स्टोअर्स' कोपऱ्यात कोंबून मोकळे व्हायचे. कडुबा आधी दोरी मारायचा, अक्षरं मोजायचा, काना-मात्रा-वेलांटी धरून अंदाज घ्यायचा आणि मगच ब्रश बुडवायचा. त्याच्या उस्तादानं त्याला आणखी एक सवय लावली होती. लाकडी फळीवर लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, की ती पुरती वाळायच्या आत बोथट खिळ्यानं सगळी अक्षरं खोल आखून घ्यायची. वर रंगाचे हात दिले की खाचा दिसत नाहीत, पण ब्रश घसरत नाही, आणि वीस वर्षांनी रंग उडाला तरी अक्षर तिथंच सापडतं. आता इतक्या मापाच्या माणसानं आयुष्यात एकदाच 'जागा पुरली नाही' असं म्हटलं, आणि पस्तीस वर्षं ते त्याच्या घशात अडकून बसलं.

हल्ली तो बजाजनगरात मुलाकडे राहतो. मुलगा शिवम वाळूजच्या कंपनीत, तीन पाळ्यांत. कडुबाचं वय एकाहत्तर, गुडघे गेलेले, धंदा त्याच्याही आधी गेलेला. शहराचं नाव बदललं तेव्हा त्याला वाटलं, आता पेंटरला बरे दिवस येतील, गल्लोगल्लीच्या पाट्या नव्यानं रंगवायच्या आहेत. पण त्या सगळ्या फ्लेक्सवाल्यांनी एका आठवड्यात छापून टाकल्या. म्हातारा गॅलरीत बसून समोरच्या बॅनरवरच्या ऱ्हस्व-दीर्घाला शिव्या घालत राहिला.

दोन हजार तेवीसच्या ऑगस्टमध्ये निंबवाडीहून ग्रामसेवकाचा फोन आला. निंबवाडी म्हणजे कडुबाचं गाव, सोयगावच्या पुढं, अजिंठ्याच्या डोंगराखाली. ग्रामसेवक विश्वजीत तिशीतला, कामाला वाघ.

"कडुबाकाका, मुक्तिसंग्रामाला पंचाहत्तर वर्षं होत्यात. सतरा सप्टेंबरला आपल्या दलाचा दगडी स्तंभ उभा करतोय. नावं मशीनवर कोरून घ्यायची. तुमच्या बोर्डावरची अठरा नावं मी उतरून घेतलीत. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत तुम्ही यायचं, नावं बरोबर हायत म्हणून सांगायचं, आन दलाचा इतिहास बी सांगायचा. सत्कार हाय तुमचा."

कडुबा 'व्हय, व्हय' म्हणाला आणि फोन ठेवल्यावर पाणी प्यायला. फळी कुजते, तिचा रंग उडतो. दगड मात्र पणतवंडांनाही पुरतो.

त्या दलाची हकीकत कडुबाला तोंडपाठ होती, कारण ती त्याच्या बापाची हकीकत होती. निंबवाडी तेव्हा मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. गावाचा ओढा ओलांडला की इंग्रजी हद्द, खानदेश. सत्तेचाळीस साली पलीकडे स्वराज्य आलं आणि अलीकडे रझाकार. ओढ्याच्या एका काठावर तिरंगा आणि दुसऱ्या काठावर करोडगिरीचा नाका, म्हणजे जकातीची चौकी. तेव्हा गावातल्या अठरा शेतकऱ्यांनी दल उभं केलं. कुणी त्यांना पगार दिला नाही, वर्दी दिली नाही. दोन ठासणीच्या भरमार बंदुका, त्यातली एक ओली झाली की रुसणारी, बाकीच्यांकडे कुऱ्हाडी आणि गोफणी. दिवसा नांगर धरायचा, अंधार पडला की पाळीपाळीनं गावाच्या चारी वाटा राखायच्या. बायाबापड्यांना ओढ्यापलीकडे पोचवायचं, तारा तोडायच्या, सापडलं तर नाक्याचं दप्तर जाळायचं. कडुबाचा बाप फकिरा त्यातला सगळ्यात लहान, बावीस वर्षांचा.

आणि एकोणिसावा होता चांदपाशा, नाक्यावरचा चपराशी. त्याच्या हातात कधी बंदूक आली नाही. नाक्याच्या विहिरीवर पोहऱ्याच्या दोराला तो एक फडकं बांधायचा. फडकं असलं की वाट बंद, नसलं की खुली. वर्षभर अठरा माणसं त्या फडक्याच्या भरवशावर ओढा ओलांडत होती. एकदा तार तोडून परतताना फकिराच्या पोटरीत छर्रे घुसले. चांदपाशानं त्याला आपल्या घरात नेला आणि ज्वारीच्या कणगीमागं दडवला. ओट्यावर नाक्याचे शिपाई चहा पीत बसायचे, आणि आत चांदपाशाची बायको फकिराच्या जखमेत हळद दाबायची. त्यांची चार वर्षांची पोरगी आबेदा. तिला बापानं एवढंच सांगितलं होतं, की आतल्या काकाचं नाव बाहेर काढायचं नाही. शिपाई तिला गूळ द्यायचे, मांडीवर घ्यायचे. पोरगी अकरा दिवस तोंड मिटून राहिली.

पोलीस ॲक्शन झालं, निजाम गेला, आणि मग जे शूर आधी घरात होते ते बाहेर आले. नाक्यावरचा चपराशी म्हणजे निजामाचा माणूस, असा गलका करत काहीजण चांदपाशाच्या दारावर गेले. तेव्हा फकिरा लंगडत जाऊन त्या उंबऱ्यात बसला. 'आधी मला उचला,' म्हणाला. तीन दिवस तिथंच बसून होता, भाकरी तिथंच खाल्ली. कडुबाचा जन्म त्यानंतर चार वर्षांनी झाला. म्हणजे साधा हिशेब होता. चांदपाशाची कणगी नसती तर कडुबाही नसता. आबेदाला तो पहिल्यापासून आपा म्हणायचा, आणि ती त्याला कडू.

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली गावानं चाळीस वर्षांचा सोहळा करायचं ठरवलं, समिती नेमली, आणि नावांचा बोर्ड अर्थातच कडुबाकडे आला. फकिरा आदल्याच वर्षी वारला होता. चांदपाशाला जाऊन नऊ वर्षं झाली होती. कडुबानं सहा फुटी सागवानी फळी घेतली, लांबी भरली, दोरी मारली. एकोणीस नावं, एकोणीस ओळी. खिळ्यानं सगळी आखून घेतली. शेवटची ओळ 'चांदपाशा लालमिया'. खाली चार बोटं समास. माप चोख होतं.

अठरा ओळी रंगवून झाल्या होत्या तेव्हा समितीचे अध्यक्ष आले. त्या साली हवा बरी नव्हती. शहरातल्या दंगलीच्या बातम्या गावात पोचल्या होत्या, चावडीवर माणसं आवाज उतरवून बोलत होती. अध्यक्षांनी फळी वरपासून खालपर्यंत पाहिली. अठरा नावांवरून नजर सरकत आली आणि खालच्या कोऱ्या आखणीवर थांबली.

"हे बी घ्यायचं का?" ते म्हणाले. "मी काही म्हणत नाही बुवा. बघ, जागा पुरली तर."

एवढंच. धमकी नाही, सक्ती नाही. जाता जाता त्यांनी शाळेच्या भिंती रंगवायचं काम निघणार आहे, एवढंही सांगितलं. अध्यक्ष गेल्यावर कडुबा बराच वेळ फळीसमोर उकिडवा बसून राहिला. मग त्यानं त्या ओळीवर लांबीचा एक पातळ हात फिरवला, हिरवा रंग घोळला, आणि वेल काढली. अक्षरागणिक एक पान, आणि अनुस्वारावर लाल फूल. खाचा बुजाव्यात म्हणून रंग जरा जाडच लावला. आयुष्यात त्यानं काढलेली सगळ्यात सुबक वेल ती. सोहळ्यात लोकांनी नावांपेक्षा वेलीचंच कौतुक जास्त केलं, आणि शाळेच्या भिंतीही त्यालाच मिळाल्या.

आबेदा दुसऱ्या दिवशी दुपारी आली. चौथीपर्यंत मराठी शाळा शिकलेली, एकेका नावावर बोट ठेवून वाचत ती खाली सरकली. अठरा नावं झाली. बोट वेलीवर आलं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सावकाश गेलं.

"कडू, अब्बाचं नाव?"

"आपा, जागाच पुरली नाय ओ," कडुबा म्हणाला. तोंडातून निघालं आणि गेलं.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "वेल मातर लई छान काढलीस." पदर सावरला आणि निघून गेली. त्यानंतर दर ईदेला तिच्याकडून शिरखुर्मा येत राहिला. एकदाही चुकला नाही, आणि एकदाही कडुबाच्या घशाखाली नीट उतरला नाही. पुढं त्यानं गाव सोडलं, वाळूजला कंपन्यांच्या पाट्या रंगवायला आला. पोटासाठी आलो असं सांगायचा. ते खरंही होतं, पण अर्धंच.

तर आता दगड. दोन दिवस कडुबा घरात येरझाऱ्या घालत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं धीर केला. धीर कसला, पळवाट शोधली. विश्वजीतला फोन लावला.

"बोर्डावर एक नाव राहिलंय. चांदपाशा लालमिया. ते तेवढं घाल."

"राहिलं? कामून?"

"तवा जागा पुरली नव्हती."

"काका, फोटो माझ्यासमोरच हाय. खाली हातभर वेल हाय की."

चोरी पकडली गेली की माणूस कबूल होतो असं म्हणतात. हा गडी दुसऱ्या चोरीकडे वळला. "मग विसरलो आसंल," तो म्हणाला.

"बरं. काही कागद हाय का? पेन्शनचा, सत्काराचा, कायबी? नायतर उद्या कुणीबी उठंल आन माझ्या आज्याचं नाव घाला म्हणंल." विश्वजीतचं काही चुकत नव्हतं. चांदपाशानं कधी अर्ज केला नव्हता. दलातला एकही माणूस आता हयात नव्हता. पुरावा जगात एकच होता, तो वेलीखाली होता, आणि तो काढायचा तर झाकणाऱ्या हातासकट काढावा लागणार होता.

सारजाबाई, कडुबाची बायको, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. चाळीस वर्षांच्या वर संसार केलेली बाई, तिला आडपडदा माहीत नव्हता.

"विसरलो म्हणं!" ती म्हणाली. "तवा शाळेच्या भिंती रंगवून आलात आन तीन दिस जेवला नाय तुमी. मी काय आंधळी व्हते? मामंजी अकरा दिस ज्यांच्या घरात जगले, त्यांच्या नावावर तुमी फुलं काढली. आता दगडावर बी काढा."

कडुबा उठला. खाल्ल्या मिठाला जागावं, हे त्याचा बाप लंगड्या पायानं शिकवून गेला होता. त्यानं पिशवीत जुनी पत्र्याची पट्टी आणि थिनरची बाटली टाकली, चौदा तारखेची सोयगावची गाडी धरली.

आबेदा ओट्यावरच होती. एकोणऐंशी वर्षांची, डोळ्यांवर साय आलेली, माणूस आवाजावरून ओळखणारी. "कडू, तू व्हय? बस." तिच्या नातवानं, झीशाननं, चहा आणून दिला. सिल्लोडला मोबाईलचं दुकान चालवणारा पोरगा, सुट्टीसाठी गावी आलेला. तो आत जाईपर्यंत कडुबा थांबला.

"आपा, जागा हुती," तो म्हणाला.

आबेदा म्हणाली, "मला ठावं हाय."

"कसं?"

"बोट फिरवलं की मी. पानाखाली खड्डे लागले. तू आखतूस कसा, ते तू शिकाऊ असल्यापास्नं बघितलेलं. 'चा' लागला, पुढं 'द' लागला. म्हणलं, लिवलं तर हाय पोरानं."

कडुबाला वाटलं, ओटा दुभंगून पोटात घेईल तर बरं. पस्तीस वर्षं ती जाणत होती, आणि पस्तीस वर्षं शिरखुर्मा पाठवत होती. "मग बोलली कामून नाय आपा?"

"तोंड मिटून ऱ्हायची सवय मला तुझ्या बापापायीच लागली," ती म्हणाली, आणि हसली. "पोरंबाळं इचारायची, आपल्या नानाचं नाव कामून नाय. मी सांगायची, जागा पुरली नाय. कडूमामा सांगून गेलाय, तो काय खोटं बोलंल?"

हे मात्र त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. त्याला वाटत होतं, खोटं आपल्यापाशी आहे, आपल्यापुरतं आहे. ते या घरात तीन पिढ्या वाढलं होतं. कपातला चहा त्यानं तसाच ठेवला.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर पंचायतीच्या पटांगणात ग्रामसभा भरली. विश्वजीतनं बोर्ड कार्यालयातून काढून दोन खुर्च्यांवर टेकवून ठेवला होता. माईक कडुबाच्या हातात आला. त्यानं दलाची हकीकत सांगायला सुरुवात केली. ओढा, नाका, दोन बंदुका. माणसं हसली, हळहळली. मग फडक्यापाशी तो आला, कणगीपाशी आला, आणि थांबला.

"बोर्डावर अठरा नावं हायत. दलात एकोणीस हुते. एकोणिसावं बी बोर्डावर हाय," तो म्हणाला, आणि फळीपाशी जाऊन खाली बसला.

थिनर ओतलं, फडकं फिरवलं, पट्टीनं जपून खरवडायला लागला. जुना रंग पापुद्र्यानं सुटत गेला. वेल गेली, वरची पातळ लांबी गेली. पुढची माणसं उठून वाकली. रंग विरघळून खाचांत उतरला होता, आणि त्या वेलीच्याच हिरव्या रंगात एकेक अक्षर उमटत होतं. अनुस्वार तेवढा लाल. विश्वजीतनं मोठ्यानं वाचलं, "चांदपाशा लालमिया." हातच्या काकणाला आरसा कशाला.

मागून कुणीतरी विचारलं, "झाकलं कुणी मग?"

कडुबा उभा राहिला. अध्यक्ष वारून वीस वर्षं झाली होती, त्यांच्या घरचंही आता गावात कुणी नव्हतं. मेलेल्या माणसावर ढकलणं किती सोपं. "समितीचे अध्यक्ष म्हणले हुते..." त्यानं सुरुवात केलीच. समोर बायांच्या बाजूला आबेदा बसली होती, आवाजाच्या दिशेनं मान कलती करून.

"म्हणले हुते, जागा पुरली तर बघ," कडुबा म्हणाला. "जागा हुती. मी भ्यालो. आन शाळेच्या भिंतीचं काम दिसत हुतं. आपाला मी सांगितलं, जागा पुरली नाय. झाकलं मी. दुसऱ्या कुणी नाय."

मग काय झालं असेल? लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरपंच गहिवरले, 'एवढं कबूल करायला वाघाचं काळीज लागतं' म्हणाले, आणि कडुबाच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला, मोबाईलवर फोटो निघाले. ज्याची मान शरमेनं खाली गेली आहे त्याला हार घालणं सोपं जातं. कडुबाला जोड्यानं मारलं असतं तर बरं वाटलं असतं. नारळ हातात धरून तो झीशानपाशी गेला आणि हात जोडायला लागला.

झीशाननं हात धरले, पण खाली करण्यापुरतेच. "मामा, सातवीत मी ह्याच बोर्डासमोर भाषण केलतं," तो हळू म्हणाला. "माझ्या पणज्याचं नाव जागा पुरली नाय म्हणून ऱ्हायलं, असं सांगितलतं. सगळा वर्ग हसला हुता. म्हणले, फेकतो लेका." एवढं बोलून तो आजीला उठवायला गेला.

सतरा सप्टेंबरला सकाळी स्तंभ उभा राहिला. काळा दगड, मशीनवर कोरलेली एकोणीस नावं, एका मापाची. भाषणं झाली, झेंडा झाला, माणसं चहाकडे वळली. कडुबा मुद्दाम मागं थांबला होता, शाल घरीच ठेवून आला होता. झीशानचा हात धरून आबेदा स्तंभापाशी आली. तिला आता दिसत नव्हतं. तिनं बोट ठेवलं आणि वरपासून एकेक नाव चाचपत खाली आली. फकिरापाशी जरा थांबली. शेवटच्या ओळीवर बोट सावकाश फिरलं, एकदा, मग पुन्हा एकदा. मग ते आणखी खाली गेलं, गुळगुळीत दगडावर काहीतरी शोधत राहिलं.

"कडू हाय का हितं?"

"हाय आपा."

"वेल नाय काढली व्हय रं ह्या बारीला?"

कडुबा पुढं होऊन तिच्या बोटाशेजारी वाकला. आबेदानं थोडी वाट पाहिली, मग चाचपडत त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि रडणाऱ्या पोराची समजूत काढावी तसं, अगदी मायेनं म्हणाली,

"आसू दे. जागा पुरली नसंल."